स्वतःच्या गाडीने नेपाळच्या खेड्यांत: वरुडहून दोघंच, १२ दिवस. कागद, घाट आणि गाडीबद्दल सल्ला हवा

संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. आम्ही वरुड तालुक्यातले. आंबिया बहार यंदा झाडावरच व्यापाऱ्याला दिला आहे आणि मृग बहाराचं पाणी दीर पाहतील, त्यामुळे दिवाळीनंतर बारा दिवस मोकळे मिळतात. आमचे हे आणि मी, दोघंच, स्वतःच्या गाडीने नेपाळला जायचं ठरवतोय. गाडी वॅगनआर सीएनजी, साधा गिअर. लायसन्स दोघांकडे आहे, आलटूनपालटून चालवू.

ठरवलेली वाट: नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली. पुढे लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू, चितवन आणि परत. मंदिरं-बाजार थोडे कमी झाले तरी चालतील, आम्हाला डोंगरातली शेती आणि गावं पाहायची आहेत.

विचारायचं ते असं. गाडीची आरसी सासरेबुवांच्या नावावर आहे, त्याने नाक्यावर अडेल का? पासपोर्ट ह्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. सीएनजी तिकडे मिळतो का? घाटाचा सराव म्हणाल तर चिखलदऱ्यापुरता. आणि बारा दिवस पुरतील का?

---

घाटवाट_परतवाडा

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. पुरणार नाहीत. निदान तुम्ही लिहिलेल्या यादीला तरी नाहीत.

नागपूर ते सोनौली हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. नागपूर-सिवनी-लखनादौन-जबलपूर २७०, जबलपूर-कटनी-मैहर-रीवा २४०, रीवा-प्रयागराज १३०, प्रयागराज-गोरखपूर २७०, गोरखपूर-नौतनवा-सोनौली १००. वरुड ते नागपूर वेगळं. अंधारात चालवायचं नाही असं धरलं तर पहिला मुक्काम जबलपूर, दुसरा प्रयागराज, तिसरा गोरखपूर किंवा नौतनवा. जायला तीन, यायला तीन. नेपाळसाठी हाती सहा दिवस.

मुक्तिनाथ यादीतून काढा. ते ३,७०० मीटरच्या वर आहे आणि पोखरा ८०० मीटरच्या आसपास. एका दिवसात एवढं चढलं की डोकं धरतं, मळमळतं, झोप लागत नाही. बेनीच्या पुढचा रस्ता अरुंद, दगडगोट्यांचा, जागोजागी ओढे आडवे येतात. वॅगनआरची चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, तिथे दगडावर बसते. शिवाय अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये माणशी. फारच मन असेल तर पुढच्या खेपेला पोखऱ्यात गाडी ठेवून तिथली जीप करा, वाटेत जोमसोमला एक रात्र थांबून. काठमांडूही काढा. खेडी पाहायला निघालेल्यांनी राजधानीच्या कोंडीत दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

उरलेल्या सहा दिवसांत हे बसतं:

चौथा दिवस, सकाळी सीमा पार करून बुटवल, तिथून तानसेन. सोनौलीपासून सगळं मिळून ६५ किलोमीटर, पण तीन तास धरा. पाचवा दिवस तानसेनमध्येच. सहाव्या दिवशी सिद्धार्थ राजमार्गाने रामदीच्या पुलावर काली गंडकी ओलांडून स्याङ्जा जिल्ह्यात, एखाद्या गावातल्या होमस्टेत मुक्काम. सातवा पोखरा. आठवा दुम्रेमार्गे बन्दीपुर. नववा बन्दीपुर-मुग्लिङ-नारायणघाट-बुटवल-सोनौली, २१० किलोमीटर, आठ ते नऊ तास. नेपाळमधलं सगळं मिळून, इकडेतिकडे फिरणं धरून, ६०० किलोमीटर.

चितवन मुद्दाम वगळलं आहे. वाघ पाहायला आपल्या माणसाने ताडोबा सोडून तिकडे जायची गरज नाही. तिथे खरं पाहण्याजोगं म्हणजे एकशिंगी गेंडा, २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४ होते. पण त्यासाठी दोन दिवस जास्तीचे हवेत.

डोंगरात अंतर तासांनी मोजायची सवय लावून घ्या. बुटवल ते पोखरा १६० किलोमीटरही नाही, पण सहा-सात तास सहज जातात. मॅप जो वेळ दाखवतो त्यात दीडपट मिळवा.

महिन्याचं म्हणाल तर दिवाळीनंतर लगेच निघू नका. सहाव्या दिवशी छठ असते आणि पूर्वांचलपासून तराईपर्यंत म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यापर्यंत रस्ते, बाजार, नदीघाट सगळं भरलेलं असतं. छठ उरकली की निघा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाऊस संपलेला, दरडी शांत, हवा स्वच्छ. सकाळी अन्नपूर्णेची रांग स्पष्ट दिसते. मार्च-एप्रिलमध्ये जंगलवणव्यांच्या धुराने तीच रांग दिवसच्या दिवस दिसत नाही. डिसेंबर अर्धा सरला की मात्र गोरखपूर-प्रयागराज पट्ट्यात धुकं सुरू होतं, म्हणून परतीचा दिवस त्याआधीच ठेवा.

---

सरहद्दीचे_कागद

कागदांचं एकेक करून घेऊ.

माणसांचे: भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा नाही. ओळखीला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक. त्यामुळे तुमचा पासपोर्ट नसला तरी मतदार कार्डावर काम होतं. आधार मात्र १५ ते ६५ वयाच्या माणसाला चालत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. कार्ड मूळ हवं, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नको. एक बारीक गोष्ट बघून घ्या: मतदार कार्डावर माहेरचं नाव आणि लायसन्सवर सासरचं, असं असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या दोन कागदांवर दोन नावं होतात. तेव्हा विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा.

गाडीचे: मूळ आरसी, मूळ लायसन्स दोघांचं, विमा, पीयूसी. डिजिलॉकर आपल्या कायद्यात चालतं, नाक्यापलीकडे त्याला किंमत नाही. स्मार्ट कार्ड घरी ठेवून निघालात तर सोनौलीहून परत फिरावं लागेल. आरसी सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर त्यांचं अधिकारपत्र करून नोटरी करा. त्यात गाडीचा नंबर, इंजिन व चासी नंबर, तुम्हा दोघांची पूर्ण नावं, नातं, नेपाळचा स्पष्ट उल्लेख आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सगळं हवं. सोबत सासऱ्यांच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत. आडनाव सारखं आहे एवढ्यावर भागत नाही. पत्र हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. मराठीतलं पत्र तिकडचा माणूस वाचेल खरा, पण समजेलच असं नाही.

विमा: साधी पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. हद्द ओलांडली की अपघाताचा खर्च सगळा तुमच्या अंगावर. त्यासाठी ‘भौगोलिक क्षेत्र विस्तार’ नावाचं कलम पॉलिसीला जोडून घेता येतं, त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे शेजारी देश येतात. हप्ता फार नसतो. पण एजंटला ऐन वेळी सांगितलं तर तो ‘लागत नाही हो’ म्हणून मोकळा होतो, म्हणून तीन आठवडे आधी कंपनीला लेखी मागा आणि शिक्क्याचा कागद हातात घ्या. गाडी बंद पडल्यावर उचलून नेण्याची जी सेवा पॉलिसीसोबत मिळते, तीही सीमेपलीकडे धरू नका.

आता नाका. सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग काही किलोमीटर लागलेली असते. ती रांग मालवाहू गाड्यांची, तुम्ही त्यात उभं राहायचं नाही. बाजूने पुढे सरका. भारताच्या बाजूला तपासणी, मग कमान ओलांडली की नेपाळचं बेलहिया. तिथे भन्सार म्हणजे सीमाशुल्क कार्यालय. गाडी बाजूला लावून तिथे दिवसांप्रमाणे शुल्क भरायचं, पावती घ्यायची, आणि यातायात म्हणजे वाहतुकीचा परवाना करून घ्यायचा. दर गाडीच्या प्रकारावर असतो आणि नेपाळच्या अर्थसंकल्पात बदलतो, त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यात सुरू होतं. खिडकीवर लावलेला दरफलक वाचा. खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच चार पोरं ‘दोन मिनिटांत करून देतो’ म्हणून अंगावर येतात. त्यांची गरज नाही. फॉर्म देवनागरीत आहे, तुम्हाला वाचता येतो.

भारतीय खासगी गाडीला वर्षाकाठी एकूण ३० दिवस मिळतात. किती दिवसांचं भन्सार भरायचं? प्रवेशाचा दिवसही धरला जातो. सहा दिवस राहणार असाल तर आठ दिवसांचं भरा. एका दरडीने एक दिवस जातो, आणि मुदत संपल्यावर गाडी आत सापडली तर दंड दोन दिवसांच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त. मुदत वाढवायचीच झाली तर संपायच्या आधी.

पावतीवरच्या तारखेचा एक सापळा आहे. नेपाळचं सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं, तेही सौर. दिवाळीनंतरच्या दिवसांत इसवी सनात ५७ मिळवले की त्यांचं वर्ष येतं, आणि महिना आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्यावर बदलतो. ‘मंसिर ५’ म्हणजे २०-२१ नोव्हेंबर. पावती हातात आली की तिथेच विचारून शेवटचा दिवस इंग्रजी तारखेत पेनाने लिहून ठेवा.

पावती काचेजवळ हाताशी ठेवा, वाटेतल्या चौक्यांवर तीच मागतात. तिचे दोन फोटोही काढून ठेवा.

---

वऱ्हाडी_गॅरेज

वहिनी, कागदाचं वर लिवलं हाये, मी गाडीचं सांगतो.

नेपायात सीएनजीचा पंप नाइ. सोनौलीपासून सोनौलीपर्यंत समदं पेट्रोलवरच. आपल्याकडचे लोक सीएनजी गाडी सालभर गॅसवर पयवतात अन् पेट्रोलचा काटा खालीच ठेवतात. त्यानं काय होते, टाकीतली मोटर पेट्रोलात बुडून थंडी राहाले पाह्यजे ते राहात नाइ, तापते. इंजेक्टरबी चिकटतात. मंग नेमकी चढावर गाडी झटके माराले लागते. म्हून निघाच्या पंधरा दिवस आधीपासून रोज पेट्रोलवर चालवा, एक अख्खी टाकी जाऊ द्या. काही खोट असन तं ते वरुडातच दिसून पडन.

हिशोब धरा: घाटात बाराचं मायलेज. सहाशे किलोमीटरले पन्नास लिटर. बुटवलले टाकी फुल्ल करा, तानसेनवरून निघतानी पाहून घ्या. सिलिंडर खाली असलं तरी त्याचं पन्नास-साठ किलो लोखंड डिक्कीत हायेच, म्हून सामान कमी न्या. स्टेपनी सामानाखाली दाबून ठेवू नका, अर्धा डोंगर चढल्यावर समद्या बॅगा रस्त्यावर काढा लागते.

ब्रेक ऑइल दोन वर्षाच्या वर झालं असन तं बदला. ते हवेतलं पाणी ओढते. उतारावर ब्रेक तापले का ते पाणी उकयते, वाफ होते, अन् पाय पार खाली जाते पण गाडी थांबत नाइ. पॅड तीन मिलिमीटरच्या आत आले असन तं नवे टाका. मागच्या डरमची सेटिंग करून हॅन्डब्रेक पाहा: चढावर गाडी न्यूटल करून निस्त्या हॅन्डब्रेकवर उभी राह्यली पाह्यजे. कूलंट, वायपर, एअर फिल्टर. टायरची नक्षी तीन मिलिमीटर तरी पाह्यजे. कायद्याले १.६ चालते, घाटाले नाइ.

संगं ठेवा: पंचरच्या पट्ट्या अन् बारा व्होल्टचा हवेचा पंप, बेल्ट, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, ओढाचा दोर, चाकामांगं लावाले लाकडाचे दोन गुटके. मारुतीचे सामान बुटवलले, पोखऱ्याले भेटते, त्याची फिकर नाइ.

अन् एक. खर्रा खाऊन घाटात खिडकीतून पिचकारी मारू नका. मांगं मोटरसायकल असते.

---

घाटवाट_परतवाडा

वरच्या गॅरेजवाल्या भाऊंनी ब्रेकचं सांगितलं, त्याला जोडून चालवण्याचं लिहितो.

बुटवल १५०-२०० मीटरवर आहे आणि तानसेन १,३५० च्या आसपास. म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये हजार-अकराशे मीटर चढ. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशेच्या आसपास, पण परतवाडाच मुळात चारशेच्या घरात असल्याने चढ सातशेच्या पुढेमागेच होतो. त्यामुळे सराव चिखलदऱ्याचा चालेल, फक्त तो नीट करा: एकदा ह्यांनी, एकदा तुम्ही, चढताना आणि उतरताना दोन्ही. उभ्या चढावर हॅन्डब्रेक लावून गाडी मागे न जाऊ देता सोडणं दहा वेळा करा. घाटात ट्रकच्या मागे थांबावं लागलं की याचीच परीक्षा असते.

उतारावर नियम एकच: ज्या गिअरमध्ये ही चढण चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहुतेक ठिकाणी दुसरा. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. ते तुमच्यासाठी ब्रेक लावतंय. ब्रेकवर पाय ठेवून घरंगळत आलात तर दहा मिनिटांत जळका वास येतो. वास आला की रुंद जागी बाजूला घ्या, वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवायची आपल्याकडची सवय घरीच ठेवा.

चढताना क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरू नका, तिकडे क्लच प्लेट जाते ती याच कारणाने. समोरून गाडी आली आणि जागा एकाचीच असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न द्या आणि आपली डावी बाजू सोडू नका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही, पण बसवाले वळण कापून तुमच्या बाजूने येतात.

बुटवलच्या लगेच वर तिनाऊ नदीची घळ आणि सिद्धबाबाचा टप्पा लागतो. वरून दगड सुटण्यासाठी तो बदनाम आहे. तिथल्या दरडींपायीच बोगद्याचं काम हाती घेतलं गेलं. फोटोसाठी तिथे थांबायचं नाही, काचा वर करून सरळ निघायचं. रस्त्यावर ताजी माती किंवा लहान दगड दिसले म्हणजे वरून अजून यायचे आहेत असं समजा.

तानसेन हमरस्त्यापासून आत आहे, बर्तुङपासून फाटा. गावात दगडी फरसबंदीच्या उभ्या गल्ल्या आहेत. गाडी खाली ठेवून पायी फिरा. पालपाली ढाका कापड तिथलंच, हातमागावर विणताना पाहता येतं. काली गंडकीच्या काठी रानीमहल आहे, खड्ग शमशेर राणांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकोच्या आठवणीत बांधलेला. पायवाटेने उतरायला अडीच-तीन तास, आणि परत चढायला त्याहून जास्त. तेव्हा सकाळी लवकर निघा किंवा एका बाजूने जीप करा.

होमस्टेसाठी स्याङ्जामधलं सिरुबारी पाहा. गुरुङ लोकांचं गाव, १९९७ पासून पाहुणे ठेवतात, नेपाळात गावाने मिळून होमस्टे चालवायची सुरुवात तिथली. शेवटचा चढ कच्चा आहे, आपली गाडी खाली ठेवून तिथली जीप करा. आधी फोन करून जायचं, कारण कोणत्या घरी उतरायचं हे गावच ठरवतं.

बन्दीपुरला दुम्रेपासून आठ किलोमीटरचा चढ. बाजारपेठेत गाड्यांना बंदी आहे, गावाच्या तोंडाशी लावायची.

---

तराई_ट्रॅक

घाटवाटभाऊंचा आराखडा बरोबर आहे, नवव्या दिवसाबद्दल मात्र माझं मत वेगळं. नारायणघाट-बुटवल ११५ किलोमीटरचा पट्टा कागदावर सपाट हायवे आहे, पण त्याच्या रुंदीकरणाचं काम फार लांबलेलं. दाउन्नेची चढण धूळ-खड्ड्यांची, आणि तिथे एक ट्रक अडकला की दोन-तीन तास गेलेच. त्याच दिवशी सोनौली गाठायची असेल तर बन्दीपुरहून पहाटे निघा आणि निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला रस्त्याची खबर विचारा. खबर वाईट असेल तर आल्या वाटेने पोखरा-तानसेन उतरणं परवडतं. तेवढ्यासाठीही आठ दिवसांचं भन्सार हाताशी असलेलं बरं.

नेपाळात पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३. दारूचा एक घोटही घेऊन चालवू नका, तिथे फुंकायला लावतात.

---

संत्राबाग_वरुड

सगळ्यांचे आभार. मुक्तिनाथ, काठमांडू आणि चितवन काढलं, ह्यांचं तोंड थोडं उतरलं पण चालेल. अधिकारपत्र या आठवड्यात करतो. आणखी विचारते: पैसे कसे न्यायचे, फोन पे चालतं का? आम्ही शाकाहारी, खेड्यात काय मिळेल? आणि मला घाटात गाडी लागते, मी चालवत असले की नाही लागत, बाजूला बसले की लागते.

---

सरहद्दीचे_कागद

पैसे: भाव बांधलेला आहे, भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. शंभरच्या नोटा बिनदिक्कत चालतात, म्हणून गावातल्या बँकेतून शंभरच्या दोन-तीन गड्ड्या आधीच घ्या. मोठ्या नोटांचे नियम मधल्या काळात बदलत आले आहेत. त्या गाडीच्या परतीच्या प्रवासासाठी ठेवा. दुकानदार ‘आयसी की एनसी’ विचारतो, म्हणजे भारतीय की नेपाळी. ते न विचारता पैसे दिलेत तर १६० च्या जागी १०० चा हिशोब होऊन बसतो, सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. सुटे परत घेतानाही नेपाळीच मागा.

यूपीआय मार्च २०२४ पासून नेपाळात फोनपे नावाच्या तिथल्या क्यूआरवर चालतं. नाव सारखं वाटलं तरी ती त्यांची वेगळी कंपनी आहे. फक्त दुकानाच्या क्यूआरवर, माणसाच्या नंबरवर नाही. आपल्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवावा लागतो. बुटवल-पोखऱ्यात ठीक, सिरुबारीसारख्या ठिकाणी रोखच धरा. शनिवारी तिथे साप्ताहिक सुट्टी. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सिमकार्ड बेलहिया-भैरहवातच घ्या, नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल. ओळखपत्र आणि फोटो लागतो. नकाशा मात्र घरूनच फोनमध्ये उतरवून न्या.

जेवण: डाळ, भात, तरकारी, कुठेही. तेल मोहरीचं, पहिल्या दिवशी वास लागेल. भात-डाळ पुन्हा वाढतात, वेगळे पैसे नाहीत. वेळ समजून घ्या: खेड्यात सकाळचं जेवण दहाच्या सुमाराला होतं, दुपारी दोनला जेवण मागितलं तर चुलीवर काही नसतं, चाऊचाऊवर म्हणजे पाकिटातल्या नूडल्सवर भागवावं लागतं. तुमचं जेवण मांस-मासे खाणाऱ्यांच्याच घरात शिजतं, म्हणून ‘साकाहारी’ एवढ्यावर न थांबता मासू, माछा, अन्डा नको असं तिन्ही नावं घेऊन सांगा. ढिंडो मागून खा, ते बऱ्याचदा ‘कोदो’च्या पिठाचं असतं. त्यांचा कोदो म्हणजे आपली नाचणी, आपला कोदो नव्हे. तिखटाचं म्हणाल तर आपल्या ताटापुढे सगळं सपकच, मिरची-लसणाचं कोरडं तिखट एक डबी न्या.

पाट्या वाचता येतात हा मराठी माणसाचा मोठा फायदा. थोडे शब्द लक्षात ठेवा: उकालो चढ, ओरालो उतार, पहिरो दरड, बाटो रस्ता. ‘बाटो बन्द’ दिसलं की मागे फिरायचं.

---

वऱ्हाडी_गॅरेज

गाडी लागते त्याचं: घाटात वहिनींनीच चालवा अन् भाऊले बाजूले बसवा, सोपा इलाज. चालवणाराले पुढचं वळण आधी दिसते, म्हून लागत नाइ. बाजूले बसाचंच झालं तं समोरच बसा, मोबाइलात पाहू नका, काच थोडी उघडी. गोयी डॉक्टरले इचारून घ्या. त्या गोयीनं झोप येते, म्हून ज्यानं घेतली त्यानं त्या दिवशी स्टेअरिंगले हात लावाचा नाइ.

---

घाटवाट_परतवाडा

संत्र्यावाल्यांसाठी एक राहिलं. तुम्ही जाल तेव्हा स्याङ्जात ‘सुन्तला’ उतरवणं सुरू असेल. ती आपल्या नागपुरी संत्र्याच्याच जातकुळीतली. पण बागा पायऱ्यांच्या शेतात, पाट-ठिबक फारसं नाही, झाडं बियांपासून वाढवलेलीही भरपूर. रामदी ते पोखरा रस्त्याकडेला डोकोत म्हणजे पाठीवरच्या टोपलीत विकायला बसतात. बागेत शिरायचं तर विचारून शिरा, सहसा नाही म्हणत नाहीत. पाणी कुठून येतं, कलम कशावर बांधतात हे विचारा, एक दुपार त्यातच जाईल.

फळं तिथेच खा. कलम, डोळा, रोप, माती यांतलं काही परत आणू नका. सीमेवर रोपांना बंधनं आहेत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सिट्रस ग्रीनिंगसारखा रोग डोळ्यातूनही येतो. वरुडच्या बागांवर आधीच काय कमी आहे. बुटांचे तळवे परतीच्या दिवशी धुऊन घ्या.

आणि निघताना बेलहियाला गाडी न थांबवता कमान ओलांडू नका. भन्सारच्या खिडकीवर पावती दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. ती नोंद नसेल तर त्यांच्या वहीत तुमची गाडी अजून नेपाळातच असते, आणि पुढच्या वर्षी चितवनला जाताना तोच नंबर अडतो.